शिंगांची टोकं मोजून हरीण मारायचं, पण त्यानं कळप खरंच सुधारतो का?

शेकोटी | १ डिसेंबर २०२४, रात्री ९:४०

थँक्सगिव्हिंगनंतरचा शनिवार म्हणजे आमच्या पेनसिल्व्हेनियात रायफलनं हरीण मारायच्या हंगामाचा पहिला दिवस. काल पहाटे साडेपाचला मी शेजारच्या आजोबांच्या मचाणावर जाऊन बसलो. आजोबांचं वय ७८, पण डोंगर माझ्याआधी चढतात. बाहेर उणे सहा, अंगावर कपड्यांचे पाच थर, आणि त्यावर नियमाप्रमाणे डोकं-छाती-पाठ मिळून २५० चौरस इंच भडक नारिंगी. डोंबिवलीच्या पाडव्याच्या शोभायात्रेतून चुकून जंगलात शिरल्यासारखा अवतार.

सात-वीसला ओढ्याकडून एक नर वर आला. साठ-सत्तर यार्ड असेल. दुर्बिणीतून डावं शिंग दिसत होतं. मुख्य दांड्याचं टोक, ते एक. मधला फाटा, दोन. आणि कपाळापाशी काहीतरी होतं. तो फाटा की नुसतं बोंड? इंचभर लांब असेल तर तिसरं टोक, नसेल तर काही नाही. उजवं शिंग बीचच्या पानांआड. (या झाडाची वाळकी पानं हिवाळाभर फांदीला चिकटून राहतात. सौंदर्य वगैरे ठीक आहे, पण काल मी त्यांना फार शिव्या घातल्या.) आमच्या भागात एका बाजूला तीन टोकं असल्याशिवाय नर मारता येत नाही. मी एक-दोन-एक-दोन करत राहिलो, त्यानं नाक वर केलं, शेपटीचा पांढरा झेंडा दाखवला आणि गेला.

आजोबांना सांगितलं तर म्हणाले, "२००२ पासून आम्ही शिकार करत नाही, गणित करतो."

मग रात्री त्यांच्या घरी भांडण. आजोबांचं म्हणणं, या टोकांच्या नियमानं शिकारीची वाट लागली. पूर्वी पहिल्या दिवशी तीस-पस्तीस हरणं दिसायची, आता तीन दिसली तरी नशीब. त्यांच्या जावयाचं म्हणणं नेमकं उलटं: या नियमामुळेच आता भिंतीवर लावण्यासारखे नर मिळतात, कळपाची जात सुधारली. दोघंही मला विचारायला लागले, कारण मी 'युनिव्हर्सिटीकडे राहतो'. मी सॉफ्टवेअरवाला, पण इज्जतीचा प्रश्न होता. आजचा रविवार वाचनात घालवला. जे समजलं ते इथं टाकतोय. जाणकारांनी चुका काढाव्यात.

आधी पार्श्वभूमी. १९०० च्या सुमारास या राज्यात पांढऱ्या शेपटीची हरणं जवळपास संपली होती. मिशिगनहून हरणं आणून सोडावी लागली आणि १९०७ मध्ये कायदा झाला की फक्त शिंगवाला नर मारायचा, मादीला हात लावायचा नाही. कळप वाढले, आणि 'मादी मारणं म्हणजे पाप' हा संस्कार तीन-चार पिढ्यांत मुरला. परिणाम असा की सगळ्या बंदुका नरांवर. नियम एवढाच होता की शिंग तीन इंचांचं किंवा दोन टोकांचं हवं. म्हणजे दीड वर्षाचं पोरगंही बसतं त्यात. मारल्या जाणाऱ्या नरांत दर पाचातले चार दीड वर्षाचे असायचे. बहुतेक नर दुसरा वाढदिवस बघायचेच नाहीत.

१९९९ मध्ये गेम कमिशननं (राज्याचं शिकार आणि वन्यजीव खातं) हरणांचं काम गॅरी आल्टकडे दिलं. हा माणूस अस्वलांवर काम करायचा, गुहेत शिरून पिल्लं मोजायचा, राज्यभर लाडका होता. त्यानं गावोगावी सभा घेऊन लोकांना दोन गोष्टी सांगितल्या: लहान नर वाचवा आणि माद्या जास्त मारा. २००२ पासून टोकांचा नियम आला. बहुतेक राज्यात एका बाजूला तीन टोकं, पश्चिमेकडे चार. (पुढं २०११ मध्ये पश्चिमेकडचा नियम 'कपाळाजवळचा फाटा सोडून तीन' असा झाला.) लहान मुलांना सूट. २००४ संपताना आल्ट राजीनामा देऊन गेला. लाडका राहिला नव्हता.

आता माझं मत. टोकांचा नियम एकच काम करतो: बहुतेक दीड वर्षाच्या नराला अजून एक वर्ष जगू देतो. ते काम इथं झालं आहे. आता मारल्या जाणाऱ्या दर तीन नरांतले साधारण दोन अडीच वर्षांचे किंवा त्याहून मोठे असतात. मोठं वय म्हणजे मोठी शिंगं, संपलं. 'जात सुधारली', 'रक्त सुधारलं', 'कळप निरोगी झाला' हे सगळं त्या एका गोष्टीवर लोकांनी चढवलेले दागिने आहेत.

आणि आजोबांची तीस हरणं कुठं गेली? २००२ च्या हंगामात राज्यात ५ लाख १७ हजार हरणं मारली गेली, त्यातली साडेतीन लाख बिनशिंगी, म्हणजे माद्या आणि पाडसं. नर उलट कमी मारले गेले: आदल्या वर्षी २ लाख ३ हजार, त्या वर्षी १ लाख ६५ हजार. आजोबांची हरणं टोकांच्या नियमानं नाही गेली. त्याच सुमारास वाटलेल्या मादीच्या परवान्यांनी गेली. दोन औषधं एकाच दिवशी सुरू केली की पित्त कुठल्यानं उठलं हे कोण सांगणार?

---

खादाड_खंडू | १ डिसेंबर, रात्री १०:०५

धागा वाचला. एकच प्रश्न. तांबड्या रश्शात कसं लागतं?

---

शेकोटी | १ डिसेंबर, रात्री १०:११

@खंडू, मटणापेक्षा कोरडं. चरबी सगळी काढून टाकायची, ती तोंडात मेणासारखी चिकटते. वरची चंदेरी पातळ कातडीही सोलायची, नाहीतर कुकरच्या दहा शिट्ट्या करूनही चप्पल. बाकी कोल्हापुरी मसाला कुणाचंही भलं करतो.

---

सानिका_म | २ डिसेंबर, सकाळी ७:३०

माझी खरंच गोची झाली वाचून. हरणं मारून त्यांची 'गुणवत्ता' सुधारायची, हे वाक्य कुणाला विचित्र वाटत नाही का? निसर्गाला करू द्या की त्याचं काम.

---

शेकोटी | २ डिसेंबर, सकाळी ८:५०

@सानिका, विचित्र आहेच. पण निसर्गाचे इथले कामगार आम्हीच घालवले. लांडगे आणि प्यूमा एकोणिसाव्या शतकाबरोबर संपले. अस्वलं आणि कोयोटी पाडसं उचलतात, मोठ्या हरणाला फारसं कुणी नाही. आणि हरणं वाढली की जंगल खालून रिकामं होतं. आमच्या मागच्या डोंगरावर सरळ रेघ दिसते: हरणाचं तोंड पोचतं तिथपर्यंत हिरवं काही नाही. जमिनीवर फक्त एक प्रकारचं नेचं, कारण ते हरणाला आवडत नाही. ओकची रोपं शोधून सापडत नाहीत. वनखात्यानं एका ठिकाणी उंच जाळी लावून तुकडा बंद केलाय, आत गुडघाभर रोपं आणि बाहेर गालिचा. बघूनच कळतं. माझी मेथी आणि टोमॅटो ही तर वेगळी दर्दभरी कहाणी.

पण हे लक्षात घ्या, या सगळ्याला उतारा आहे तो मादीची संख्या आटोक्यात ठेवणं. नराच्या डोक्यावर किती टोकं आहेत याचा ओकच्या रोपाशी काहीही संबंध नाही. एक नर अनेक माद्या गाभण करतो, त्यामुळे नर वाचवले काय नि मारले काय, पाडसांची संख्या फारशी हलत नाही. म्हणून 'टोकांच्या नियमानं कळप निरोगी होतो' हे वाक्य मला पटत नाही. आल्टनं मादीचं कडू औषध देताना मोठ्या शिंगांचा गूळ पुढं केला, असं माझं वाचन आहे. राजकारण म्हणून हुशारीच ती.

---

नागझिरावाला | २ डिसेंबर, दुपारी १२:१५ (भारतातून)

छान धागा. एक खुलासा, कारण खाली कुणीतरी काळविटाचा फोटो टाकणारच आहे. काळवीट, चिंकारा, नीलगाय ही कुरंग कुळातली. त्यांची शिंगं पोकळ, हाडाच्या गाभ्यावर बसवलेली, आयुष्यभर तीच. चितळ, सांबर, भेकर आणि शेकोटींचं पांढऱ्या शेपटीचं हरीण ही सारंग कुळातली. यांची शिंगं भरीव हाडाची, दरवर्षी गळतात, दरवर्षी नव्यानं येतात. वाढताना वर मखमली कातडी असते, तिच्यातून रक्त फिरतं. वाढ संपली की ती वाळून निघते, नर झाडावर शिंग घासून काढून टाकतो.

तुमच्याकडे थंडी ठरलेली, म्हणून सगळ्यांची शिंगं एकाच वेळापत्रकावर. आमच्या नागझिऱ्यात एकाच कळपात एक चितळ मखमलीत, दुसरा पूर्ण शिंगांचा आणि तिसरा नुकता बोडका, असे तिन्ही एका पाणवठ्यावर दिसू शकतात. टोकं मोजायचा नियम इथं लावला तर बिचारा बोडका दादा मादी म्हणून मोजला जाईल.

अर्थात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे हा प्रश्नच नाही. आमच्या आजीकडे सांबरशिंगाचा एक तुकडा होता, छाती भरली की सहाणेवर उगाळून लावायची. आता तसा तुकडा घरात सापडला तरी वनखात्याला उत्तर द्यावं लागेल.

---

ह्यूस्टनचा_तात्या | २ डिसेंबर, रात्री ९:२०

पेनसिल्व्हेनियावाल्यांनी टोकं मोजत बसावं. आम्ही टेक्ससात कान मोजतो!

गंमत नाही. आमच्या इथं ह्यूस्टनच्या पश्चिमेला कोलोरॅडो, ऑस्टिन, लव्हाका वगैरे सहा काउंटीत (म्हणजे जिल्ह्यांत) २००२ मध्ये प्रयोग सुरू झाला, पुढं शंभराहून जास्त काउंटीत पसरला. नियम असा: दोन शिंगांमधलं आतलं अंतर १३ इंच किंवा जास्त असेल तर मारा. किंवा एक शिंग फाटे नसलेलं, नुसती काडी असेल तर मारा. मधले सगळे सुरक्षित. आणि १३ इंच मोजायचं कसं? नर सावध उभा असला की दोन कानांच्या टोकांमधलं अंतर साधारण तेवढंच असतं. शिंगं कानांच्या बाहेर गेली की बार काढा. दहा यार्डांवर काय, शंभरावर काय, दिसतं. तुमच्यासारखा एक-दोन-एक-दोनचा पाढा नाही.

टोकांची संख्या वयाबद्दल फारशी खात्री देत नाही. चांगलं खाल्लेला दीड वर्षाचा पोरगा आठ टोकं घेऊन फिरतो. पण दीड वर्षात १३ इंच रुंदी क्वचितच येते. म्हणून आमचा नियम वय पकडतो, तुमचा नशीब पकडतो.

अवांतर: @नागझिरावाला, तुमचं चितळ आमच्याकडे १९३२ पासून आहे. परदेशी जनावर म्हणून हंगामाची अट नाही, वर्षभर मारता येतं. पहिल्यांदा एका रँचवर चितळांचा कळप आडवा गेला तेव्हा मी गाडी थांबवून दहा मिनिटं नुसता बघत बसलो होतो. घरी फोन करून आईला सांगितलं, ती म्हणाली, "तू रणथंबोरला कधी गेलास?"

---

जनुकराव | ३ डिसेंबर, सकाळी ६:५५

तात्यांचा मुद्दा बरोबर आहे आणि त्याला पुरावाही आहे. मिसिसिपीत १९९५ पासून नियम होता की दोन्ही शिंगं मिळून चार टोकं असली की नर मारता येईल. काही वर्षांनी तिथल्या विद्यापीठाच्या लोकांनी आकडे तपासले तेव्हा, विशेषतः डेल्टात, म्हणजे राज्यातल्या नदीकाठच्या सुपीक भागात, भलतंच दिसलं. मोठ्या वयाच्या नरांची शिंगं सरासरीनं लहान झाली होती.

कारण साधं आहे. शंभर दीड वर्षाचे नर घ्या. डेल्टात सोयाबीन, मका, चारा भरपूर, त्यामुळे त्यातल्या तालेवार पोरांना पहिल्याच वर्षी चार-सहा टोकं येतात. ते 'कायदेशीर' झाले, मेले. उरले कोण? ज्यांना काड्या आल्या ते. पुढल्या वर्षी जो अडीच वर्षांचा वर्ग दिसतो तो उरलेल्या काडीवाल्यांचा. म्हणजे वाचवायचे होते लहान वयाचे, वाचले लहान शिंगांचे. शाळेत 'हुशार मुलांना आधी बाहेर काढा आणि उरलेल्यांचा निकाल बघा' असं केल्यासारखं. मिसिसिपीनं शेवटी टोकं सोडली आणि रुंदी किंवा मुख्य दांड्याची लांबी धरली: बहुतेक राज्यात १० इंच रुंदी किंवा १३ इंच दांडा, डेल्टात १२ किंवा १५.

शेकोटी, तुमच्या सेंटर काउंटीतल्या डोंगरावर खाणं तुलनेनं बेताचं, म्हणून तीन टोकांचा नियम बहुतेक दीड वर्षाच्यांना गाळतो आणि नीट चालतो. तोच नियम मक्याच्या शेताशेजारी लावा, मिसिसिपी होईल.

---

मालवणी_बांगडो | ३ डिसेंबर, सकाळी ९:१०

ह्यां आमच्या दर्याचां झालां. राज्य सरकारान २०२३ मध्ये ५४ माशांसाठी कमीत कमी आकार ठरवून दिलो, पापलेट १३५ मिलिमीटरच्या खाली धरूचां नाय. बरोबरच आसा, पिल्लां मारून काय मेळतला? पण जनुकरावांचां वाचून डोक्यात किडो शिरलो. मोठो मासो सारखो धरलो आणि बारको सोडलो, तर बारक्या अंगानंच म्हातारो होणारो मासो उरतलो?

---

जनुकराव | ३ डिसेंबर, सकाळी ९:४८

@बांगडो, किडा योग्य जागी शिरला आहे. माशांत ती चर्चा खरोखर चालते. शिंगांत त्याचं प्रसिद्ध उदाहरण कॅनडातल्या अल्बर्टामधलं राम माउंटन. तिथल्या रानमेंढ्यांत ठराविक वळणाचं शिंग झालं की मारायची परवानगी होती. तीसेक वर्षांच्या नोंदींवरून २००३ मध्ये शोधनिबंध आला की शिंगांचा आकार आनुवंशिकरीत्या घटत गेला. जलद वाढणारं शिंग म्हणजे लवकर मरण, हा नियमच झाला ना तिथं.

---

ह्यूस्टनचा_तात्या | ३ डिसेंबर, रात्री ८:३२

झालं! म्हणजे टोकांच्या नियमानं हरणाची जातच बिघडते असं म्हणा की.

---

जनुकराव | ३ डिसेंबर, रात्री १०:१५

नाही म्हणणार. तात्या, घाई करू नका.

राम माउंटनचा कळप लहान, एकटा, डोंगरावर अडकलेला. मेंढ्याचं शिंग गळत नाही, त्यामुळे तरुणपणी वाढलं ते कायमचं दिसतं. पांढऱ्या शेपटीचं हरीण वेगळं. त्याचं पहिल्या वर्षाचं शिंग जनुकांबद्दल फार कमी सांगतं. आई पहिल्या माजाला गाभण राहिली नाही तर २८ दिवसांनी पुन्हा माजावर येते, पाडस महिनाभर उशिरा जन्मतं, आणि त्या एका महिन्याच्या उशिरानं पुढल्या वर्षी काडी येते. तोच नर चार वर्षांचा झाला की बाकीच्यांच्या बरोबरीला येऊ शकतो. आईचं दूध, जमीन, दुष्काळ, किती गोष्टी.

शिवाय अर्धी जनुकं आईची, आणि तिच्या डोक्यावर काहीच दिसत नाही. तिला कसं निवडणार? तरुण नरही पाडसं जन्माला घालतात, एकच मोठा राजा सगळा जनाना सांभाळतो हे सिनेमातलं. टेक्ससातच कोमांचे रँचवर हेलिकॉप्टरमधून जाळी टाकून नर पकडायचे, लहान शिंगांचे वेचून मारायचे, असं वर्षानुवर्षं केलं. पुढच्या पिढीची शिंगं काही सुधारली नाहीत. एवढ्या खर्चानं एका रँचवर जे जमलं नाही ते अख्ख्या राज्यात टोकं मोजून जमणार आहे का? आणि त्याच कारणानं, टोकं मोजून जात बिघडणंही तितकंच कठीण आहे. मिसिसिपीत जे झालं ते त्या त्या वर्षाच्या पिढीतून चांगले आधी उचलल्याचा परिणाम. नियम बदला, दोन-चार वर्षांत चित्र बदलतं.

---

सानिका_म | ४ डिसेंबर, सकाळी ७:४४

शिकार आवडत नाही हे कायम. पण मोठे नर जास्त असले तर माद्यांना वेळेत जोडीदार मिळेल, पाडसं वेळेत जन्मतील, असा फायदा असेल ना? जनुकरावांनीच उशिरा जन्माचं सांगितलं म्हणून विचारते.

---

शेकोटी | ४ डिसेंबर, संध्याकाळी ७:०५

@सानिका, शिकार न आवडणाऱ्या माणसानं विचारलेला या धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न. मलाही हेच वाटलं होतं, जावईबापूंचाही हाच हुकुमाचा एक्का होता. पण इथं गाडीखाली मेलेल्या माद्यांच्या पोटातले गर्भ मोजून वर्षानुवर्षं नोंद ठेवली गेली (गर्भाच्या लांबीवरून गाभण राहिल्याची तारीख काढतात). नियमाआधीही बहुतेक माद्या नोव्हेंबरच्या मध्याला गाभण राहत होत्या, नंतरही नोव्हेंबरच्या मध्यालाच. नर तेव्हाही पुरेसे होते, फक्त पोरसवदा होते. माद्यांची काही तक्रार नव्हती.

नियमाचं श्रेय द्यायचं तिथं देतो. आमच्याच सेंटर काउंटीत आणि आर्मस्ट्राँग काउंटीत २००२ पासून पुढची काही वर्षं पाचशेहून जास्त नरांच्या गळ्यात रेडिओ पट्टे बांधले होते. लहान नर जगतात का, आणि जगले तर मोठे झाल्यावर सगळे एकदम मारले जातात का, हे बघायचं होतं. लहान जगले. मोठ्यांवर बंदुका वळल्या, पण सगळे गेले नाहीत, मोठा नर हुशार असतो. म्हणजे जे करायचं ठरवलं ते झालं. माझी तक्रार नियमाबद्दल नाही, त्याच्या जाहिरातीबद्दल आहे.

---

बेंटनव्हिलकर | ५ डिसेंबर, रात्री ११:२०

वाचनमात्र होतो, पण आता राहवत नाही. आमच्या आर्कान्सात १९९८ मध्ये राज्यभर तीन टोकांचा नियम आला. पेनसिल्व्हेनियाच्या चार वर्षं आधी. आणि २०१६ मध्ये आमच्या वायव्य भागात झुरणीचा रोग सापडल्यावर त्या पट्ट्यात तो काढून टाकावा लागला.

हा रोग प्रियॉन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनानं होतो. हरीण वाळत जातं, लाळ गळते, मान खाली घालून उभं राहतं. लस नाही, औषध नाही, आणि ते प्रथिन मातीत वर्षानुवर्षं टिकतं. मोठ्या नरांत हा रोग माद्यांपेक्षा दुपटीच्या आसपास सापडतो. आणि दीड वर्षाचे नर घर सोडून मैलोगणती नव्या मुलखात जातात, म्हणजे रोगाची टपाल सेवा तेच. टोकांचा नियम नेमके हे दोघंच वाचवतो, हिंडणारा पोरगा आणि म्हातारा होणारा नर. मिझुरीनंही याच कारणानं रोगाच्या भागात नियम उठवला.

तुमच्याकडेही २०१२ पासून हा रोग आहे ना? मग तुम्ही सगळे जनुकं आणि कान काय मोजत बसलात?

---

शेकोटी | ६ डिसेंबर, सकाळी ६:४०

@बेंटनव्हिलकर, मुद्दा सणसणीत. आहे, २०१२ मध्येच ॲडम्स काउंटीत बंदिस्त हरणांत सापडला, मग बेडफर्ड-ब्लेअरकडे जंगलात. ब्लेअर आम्हाला लागूनच. मी हा भाग विचारातच घेतला नव्हता. मोठे नर हवेत की रोग मंद पसरायला हवा, हे दोन्ही एकदम मिळणार नाही, हे मान्य. आजोबांना सांगितलं तर त्यांनी पहिल्यांदाच जावयाकडे विजयी मुद्रेनं पाहिलं.

उद्या पुन्हा जातोय. आल्यावर वृत्तांत.

---

खादाड_खंडू | ६ डिसेंबर, दुपारी १:००

सुकं की रस्सा तेवढं आधी ठरवून जा.

---

शेकोटी | ८ डिसेंबर, दुपारी ४:२५

वृत्तांत.

यावेळी डोंगरावर नाही, खाली दरीत एका ॲमिश शेतकऱ्याच्या मक्याच्या कडेला बसलो. मका कापलेला, खुंटं उभी. पावणेपाच वाजत आले होते, उजेड जाण्याआधीची शेवटची पंधरा मिनिटं. एक नर खुंटांमधून सरळ माझ्याकडे आला. कुठलाही पाढा म्हणावा लागला नाही. डावीकडे चार, उजवीकडे चार, पांढरीशुभ्र. आठ टोकं! हात थरथरत होते ते थंडीनं, असं मी म्हणणार आहे. एकच बार.

आजोबा टॉर्च घेऊन आले, पाठ थोपटली, म्हणाले, अडीच-तीन वर्षांचा असणार. जावयाला लगेच फोटो. जावई म्हणाला, बघा, नियमाची फळं.

आज सकाळी खाटकाकडे घेऊन गेलो. हंगामात तिथं गेम कमिशनची माणसं येऊन आलेल्या हरणांची वयं तपासतात. एक मुलगी रबरी हातमोजे घालून डोक्यांच्या रांगेत बसली होती. माझ्या हरणाचा जबडा लोखंडी चिमट्यानं उघडला, टॉर्च मारला आणि आतली तिसरी दाढ दाखवली. तीन उंचवट्यांची, झिजून सपाट झालेली, हलणारी. ही दुधाची दाढ. साधारण दीड वर्षाच्या आसपास ती पडते आणि खालून दोन उंचवट्यांची पक्की येते. खालची नवी दाढ हिरडीतून डोकावत होती, तांदळाच्या दाण्यासारखी.

"दीड वर्ष," ती म्हणाली आणि कागदावर रेघ मारून पुढच्या डोक्याकडे वळली.

म्हणजे हंगामाच्या पहिल्या दिवशी कपाळाच्या बोंडावर अडकून ज्याला सोडलं, तो कदाचित याच्यापेक्षा थोरला होता. आणि मी मक्यावर वाढलेला वर्गातला पहिला नंबर उचलून आणला. जनुकराव, तुमची मिसिसिपी माझ्या गाडीच्या डिकीत आली.

आजोबा तिथंच भिंतीला टेकून इतके हसले की खाटीक बाहेर आला. जावयाला अजून सांगितलेलं नाही.

@खंडू, रस्सा. आणि जबडा मी मागून घेतला आहे, गॅरेजच्या फळीवर मिठात ठेवलाय. तो कधी टाकणार आहे हे बायकोनं आजच्या आज सांगायला सांगितलंय.